एकाच गाडीत 52 वेटिंग कन्फर्म झाले आणि 14 तसेच राहिले, हे कसे?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या आई-वडिलांना काशीला जायचे आहे. वडील 71 वर्षांचे आहेत आणि आई 66 वर्षांची. दोघांचीही प्रकृती तशी ठणठणीत आहे. पण आईचे गुडघे दुखतात आणि विमानाला दोघांचाही ठाम नकार आहे. 'काशीला जायचे तर गाडीनेच, वाटेत नर्मदा दिसली पाहिजे,' असे वडिलांचे म्हणणे आहे, आणि त्यापुढे माझे काही चालत नाही.

मी स्वतः गेली पंधरा वर्षे नोकरीनिमित्त एक तर मोटारीने फिरलो किंवा विमानाने, त्यामुळे लांब पल्ल्याच्या रेल्वेचे आरक्षण हा माझ्यासाठी जवळजवळ नवा विषय आहे. मागच्या वर्षी एकदा प्रयत्न केला होता. नाशिक रोड ते वाराणसी अशी थर्ड एसीची दोन तिकिटे काढली, तेव्हा वेटिंग 14 आणि 15 होते. त्याच गाडीने, त्याच दिवशी, त्याच वर्गाने माझा आतेभाऊ मुंबईहून निघणार होता आणि त्याचे वेटिंग तब्बल 52 होते. आम्ही निर्धास्त होतो आणि तोच काळजीत होता. प्रत्यक्षात चार्ट, म्हणजे बर्थवाटपाची अंतिम यादी, लागला तेव्हा त्याला बर्थ मिळाला, आमची तिकिटे मात्र 9 आणि 10 वर येऊन थांबली आणि आपोआप रद्द झाली. पैसे परत आले, पण आईने डबे भरून ठेवले होते, ते आम्ही घरीच बसून खाल्ले.

रांगेत पुढे असलेला माणूस मागे राहतो आणि मागचा आत जातो, हा काय प्रकार आहे? यात कोणाची ओळख किंवा वशिला लागतो का, असे वडिलांनी मला विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसरी शंका अशी की शोध घेताना वाराणसी, बनारस, काशी, वाराणसी सिटी आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय अशी पाच नावे दिसतात. यांपैकी उतरायचे कुठे? तिसरी गोष्ट म्हणजे आईला खालचाच बर्थ हवा. मागच्या वेळी मी अर्जात तशी पसंती नोंदवली होती, परंतु ती पसंती म्हणजे नुसती विनंती असते, असे नंतर कळले. या वेळी त्यांना त्रिपुरी पौर्णिमेला तिथे असायचे आहे आणि ते जमले नाही, तर नाताळच्या सुटीत मीही बरोबर जाईन. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

खिडकी क्रमांक चार

गोदाकाठ, आपल्या वडिलांना सांगा की यात वशिला नाही. मी आरक्षण खिडकीवर आयुष्याची बरीच वर्षे काढली आणि हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा तरी विचारला जायचा. विचारणारा बहुधा रागावलेला असे आणि मागे रांग असे, त्यामुळे नीट उत्तर देणे कधी जमले नाही. आज निवांत देतो.

आपली मूळ समजूत अशी आहे की एका गाडीची, एका वर्गाची एकच रांग असते. तसे नसते. गाडी एक असली तरी तिच्या रांगा अनेक असतात, आणि आपण कोणत्या स्थानकावरून कोणत्या स्थानकापर्यंत तिकीट मागता यावरून आपल्याला कोणत्या रांगेत उभे करायचे हे ठरते. तिकिटावर वेटिंगच्या आकड्याआधी जी इंग्रजी अक्षरे असतात, तीच त्या रांगेचे नाव असते. आपल्या आतेभावाच्या तिकिटावर जीएनडब्ल्यूएल, म्हणजे सर्वसाधारण रांग, असणार; आपल्या तिकिटावर पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे सामायिक वाट्याची रांग, असणार. लोक आकडा वाचतात, अक्षरे वाचत नाहीत.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी संगणकाच्या आधीच्या काळात जावे लागेल. तेव्हा आरक्षणाची जाडजूड रजिस्टरे असत, पुठ्ठ्याची छोटी तिकिटे असत आणि गाडी जिथून सुटते त्या स्थानकाच्या हाती बहुतेक सगळे बर्थ असत. मग मधल्या स्थानकांवरच्या माणसांनी काय करायचे? त्यांच्यासाठी काही बर्थ आधीच बाजूला काढून ठेवलेले असत आणि त्याहून अधिक लागले, तर सुटण्याच्या स्थानकाला तार करावी लागे. तार गेली, उत्तर आले, तर बर्थ मिळाला. नाही आले तर प्रवासी फलाटावरून परत जाई. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या शहरांत संगणक येत गेले, 2002 मध्ये इंटरनेटवरून तिकिटे मिळू लागली, आज ती मोबाइलवर निघतात. पण वाटपाची ही जुनी पद्धत मोडली नाही, ती संगणकात जशीच्या तशी उतरली. आपण ज्याला कोटा म्हणतो तो त्या रजिस्टरातल्या वेगळ्या पानाचाच वंशज आहे.

आता एक कल्पित हिशेब मांडतो. समजा, एका गाडीला थर्ड एसीचे सहा डबे आहेत आणि नव्या पद्धतीच्या एका डब्यात 72 बर्थ असतात, म्हणजे एकूण 432 झाले. यांतले बहुसंख्य बर्थ सर्वसाधारण कोट्यात, म्हणजे सुटण्याच्या स्थानकापासून किंवा त्याच्या आसपासच्या स्थानकांपासून शेवटपर्यंत जाणाऱ्यांसाठी असतात. मधल्या स्थानकांपैकी काही मोठ्यांना स्वतःचा स्वतंत्र वाटा असतो. त्या रांगेला आरएलडब्ल्यूएल म्हणतात. उरलेल्या अनेक लहानमोठ्या स्थानकांना मिळून एकच सामायिक वाटा असतो, तो हा पीक्यू. समजा, या सामायिक वाट्यात वीस बर्थ आहेत. सर्वसाधारण कोट्यातल्या तीनशे माणसांपैकी साठ जणांनी बेत बदलला, तर त्यांच्यामागचे 52 वेटिंग सहज आत जाते. वीस माणसांपैकी मात्र फार तर चार-पाच जण तिकीट रद्द करतील. मग 14 वेटिंग 9 वर येऊन थांबणार, याहून वेगळे काय होणार? आपले गणित अगदी असेच घडलेले दिसते.

त्यात आणखी एक भर पडते. चार्ट तयार होताना निरनिराळ्या राखीव कोट्यांतले न वापरलेले बर्थ मोकळे होतात आणि ते साधारणतः आधी सर्वसाधारण रांगेला जातात. म्हणून शेवटच्या घटकेला जी मोठी उडी दिसते, ती बहुधा जीएनडब्ल्यूएलवाल्यांचीच असते. तत्काळच्या वेटिंगचे तर याहून कठीण आहे. तत्काळ काढून कन्फर्म होणारा माणूस आपली सहल सहसा रद्द करत नाही, त्यामुळे ती रांग जागची हलतच नाही. तत्काळमध्ये वेटिंग मिळत असेल, तर ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपलब्धता पाहताना दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात, उदाहरणार्थ 60 आणि पुढे 22. पहिला आकडा आजवर त्या रांगेत किती क्रमांक दिले गेले हे सांगतो, दुसरा आज आपली जागा कुठे असेल हे सांगतो. या दोहोंमधली तफावत जितकी मोठी, तितकी ती रांग चालती आहे असे समजावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील आणि प्रवासाला आठच दिवस उरले असतील, तर दुसरी गाडी शोधावी. मोबाइलवरची ॲपे कन्फर्म होण्याची टक्केवारी दाखवतात, तिच्यापेक्षा मला हे दोन आकडे अधिक भरवशाचे वाटतात.

आरएसी मिळाल्यास मात्र घाबरू नये. त्यात गाडीत चढण्याचा पूर्ण हक्क असतो; फक्त बाजूचा खालचा बर्थ दोघांत वाटून बसावे लागते, आणि वाटेत कोणी आले नाही तर टीसी पूर्ण बर्थ देतो. रात्रभर पाय दुमडून बसणे आपल्या आईंना सोसवेल का, हा वेगळा प्रश्न आहे.

भुसावळकर

वरील उत्तर वाचून समाधान वाटले. मी त्यात व्यवहाराची बाजू जोडतो, कारण आमच्या भुसावळहून उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक घराला हा अनुभव आहे.

उपाय असा की तिकीट नाशिक रोडवरून न काढता गाडी जिथून सुटते त्या मुंबईच्या स्थानकावरून काढावे आणि तिकीट काढतानाच 'चढण्याचे स्थानक' म्हणून नाशिक रोड निवडावे. आरक्षणाच्या अर्जात तशी सोय असते आणि हे पूर्णपणे नियमात बसते. यामुळे आपण सर्वसाधारण रांगेत उभे राहता. मुंबई ते नाशिक रोड या सुमारे 187 किलोमीटरचे भाडे जास्तीचे पडते आणि ते परत मिळत नाही. पण रेल्वेचे भाडे अंतर वाढत जाते तसे दर किलोमीटरमागे कमी होत जाते, त्यामुळे सुमारे 1500 किलोमीटरच्या प्रवासात ही भर फारशी जाणवत नाही. चढण्याचे स्थानक बदलायला विसरून आपण तसेच नाशिकला थांबलात, तर टीसी आपल्याला गैरहजर धरून तो बर्थ आरएसीवाल्याला देऊ शकतो आणि त्यात त्याची चूक नसते. नंतर बदल करायचा झाल्यास गाडी सुटण्याच्या किमान 24 तास आधी करून टाकावा. एकदा बदलले की मूळ स्थानकावरून चढण्याचा हक्क जातो, हेही ध्यानात असू द्यावे.

स्थानकांविषयी सांगायचे, तर वाराणसी म्हणजे मोठे जंक्शन, ज्याला तिथले लोक कॅन्ट म्हणतात. रिक्षावाल्यालाही तेच नाव सांगावे. बनारस हे पूर्वीचे मंडुवाडीह. 2021 मध्ये त्याचे नाव बदलले. ते शहरातच आहे, फलाट प्रशस्त आणि स्वच्छ आहेत, आणि वृद्ध माणसांना उतरायला मला ते अधिक सोयीचे वाटते. काशी आणि वाराणसी सिटी ही लहान स्थानके आहेत, महाराष्ट्रातून जाणाऱ्यांचा त्यांच्याशी सहसा संबंध येत नाही. दीनदयाळ उपाध्याय म्हणजे जुने मुगलसराय. ते गंगेच्या पलीकडे आहे आणि वाराणसीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. पाटणा किंवा हावड्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्या वाराणसीला न जाता तिथूनच पुढे निघून जातात. आपल्याला वाराणसीचे तिकीट मिळत नसेल, तर या जंक्शनचे पाहावे. उतरून टॅक्सीने गंगा ओलांडली की काम झाले.

महानगरी आणि कामायनी या जुन्या गाड्या नाशिक रोडला थांबतात. वडिलांना नर्मदा पाहायची आहे, तर या गाड्यांतून ती नक्की दिसेल. इटारसी सोडल्यावर महानगरी जबलपूरच्या वाटेवर आणि कामायनी भोपाळच्या वाटेवर नर्मदा ओलांडते. फक्त ती वेळ रात्रीची आहे की दिवसाची, हे वेळापत्रकात पाहून गाडी निवडावी, नाहीतर नर्मदा झोपेत जाईल. जबलपूरचा मार्ग तसा मानाचा आहे. 1870 मध्ये जबलपूरला मुंबईकडचे आणि कलकत्त्याकडचे रूळ जोडले गेले, तेव्हा ही दोन शहरे पहिल्यांदा रेल्वेने एक झाली, ती आमच्या भुसावळमार्गे. नागपूरवरून जाणारा सरळ रस्ता नंतरचा.

राइनकाठची मराठी

मी गेली अकरा वर्षे जर्मनीत राहते. इथे आल्यावर माझा गोंधळ आपल्या बरोबर उलट झाला होता, म्हणून लिहावेसे वाटले. इथे तिकीट म्हणजे प्रवास करण्याचा हक्क, आणि आसनाचे आरक्षण ही वेगळे पैसे देऊन घ्यायची वेगळी वस्तू असते. पूर्ण दराचे तिकीट घेतले तर त्या दिवशीच्या कोणत्याही गाडीत चढता येते आणि जागा नसेल तर उभे राहून जाता येते. वेटिंग लिस्ट असा प्रकारच नाही. पहिल्या प्रवासात मी माझ्या तिकिटावर डब्याचा आणि आसनाचा क्रमांक शोधत फलाटावर हवालदिल झाले होते.

आपल्याकडे आरक्षित डब्याचे तिकीट आणि बर्थ एकमेकांपासून सुटे होऊ शकत नाहीत, आणि ज्याला तसा मोकळा हक्क हवा त्याच्यासाठी जनरल डबा आहे. त्या डब्यात उभे राहून बाराशे किलोमीटर जाणारा माणूस या चर्चेत आलाच नाही, हे मला थोडे खटकले. पण मूळ प्रश्न वेगळा आहे, म्हणून इथेच थांबते.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना पहिले उत्तर मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी तारेची गोष्ट ऐकून सांगितले की 1974 साली आजोबांबरोबर प्रयागला जाताना नाशिक रोडच्या खिडकीवर त्यांनी अशाच तारेची दोन दिवस वाट पाहिली होती. म्हणजे आमच्या घरात उत्तर होते, मीच विचारले नव्हते.

आता बेत असा ठरतो आहे की मी, आई आणि बाबा असे तिघांचे एकच तिकीट मुंबईहून काढावे आणि चढण्याचे स्थानक नाशिक रोड ठेवावे. एक शंका उरते. जी गाडी मला सोयीची वाटते ती मुंबईहून रात्री उशिरा निघते आणि नाशिक रोडला मध्यरात्र उलटल्यावर येते. मग तारीख कोणती टाकायची? आणि आरक्षण नेमके कधी सुरू होते?

खिडकी क्रमांक चार

तारखेची शंका विचारलीत हे फार बरे केले, कारण या एका चुकीने कुटुंबेच्या कुटुंबे फलाटावर रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत. रेल्वेची तारीख मध्यरात्री बाराला बदलते आणि घड्याळ चोवीस तासांचे असते. आपण तिकीट मुंबईहून काढणार, म्हणून त्यावर मुंबईहून निघण्याची तारीख येईल. समजा ती 10 आहे. गाडी नाशिक रोडला रात्री बारानंतर येणार, म्हणजे आपण चढाल तेव्हा कॅलेंडरवर 11 तारीख लागलेली असेल. घरी मात्र आपण दहाच्या रात्री जेवून निघायचे आहे. हेच तिकीट नाशिक रोडवरून काढले असते, तर त्यावर 11 तारीख आली असती. जी गाडी मुंबईहूनच 00 वाजून काही मिनिटांनी सुटते, तिथे उलटा घोटाळा होतो: माणूस 11 चे तिकीट घेऊन 11 च्या रात्री स्थानकावर येतो आणि त्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. तत्काळचे आरक्षणही गाडी मूळ स्थानकावरून ज्या दिवशी सुटते त्याच्या आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी 10 वाजता आणि इतरांसाठी 11 वाजता.

नेहमीचे आरक्षण प्रवासाचा दिवस वगळून 60 दिवस आधी, सकाळी 8 वाजता सुरू होते. पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती, 1 नोव्हेंबर 2024 पासून ती निम्मी झाली. मला हा बदल योग्य वाटतो. चार महिने आधी तिकीट काढणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे ते रद्दच करायचे. आपले खाते आधार क्रमांकाशी जोडून आधीच पडताळून ठेवा. तत्काळचे तिकीट इंटरनेटवर काढायला आता ती पडताळणी लागतेच, आणि नेहमीचे आरक्षण ज्या दिवशी उघडते त्या दिवशीही तिच्याशिवाय इंटरनेटवर प्रवेश मिळत नाही. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास काशीच्या गाड्यांत पहिल्या काही मिनिटांतच सगळे ठरते.

आता आपल्या बेतातली एक चूक दाखवतो. तिघांचे एकच तिकीट काढू नका. स्लीपर, थर्ड एसी आणि सेकंड एसीच्या डब्यांत काही खालचे बर्थ 60 वर्षांवरील पुरुषांसाठी आणि 45 वर्षांवरील स्त्रियांसाठी राखून ठेवलेले असतात. थर्ड एसीच्या डब्यात असे चार-पाच असतात. परंतु तो कोटा एका तिकिटावर एकटाच किंवा दोघेच पात्र प्रवासी असतील तरच लागू होतो. आपण तिसरे नाव घातले की ती सोय जाते आणि तिघांनाही संगणक सर्वसाधारण जागा वाटतो. मुलाने आईवडिलांच्या काळजीने स्वतःचे नाव त्यांच्याच तिकिटावर घालावे आणि त्यामुळेच आईला मधला बर्थ यावा, हे मी कितीदा पाहिले आहे! आईबाबांचे तिकीट वेगळे काढा, कोटा निवडताना ज्येष्ठ नागरिकांचा निवडा, आणि आपले तिकीट स्वतंत्र काढा. डबा एक नसेल तरी चालेल, डब्यांना आतून रस्ता असतो. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र मार्च 2020 पासून बंद आहे, तिच्यात आणि या बर्थच्या कोट्यात गल्लत करू नये.

मिळालेला बर्थ खालचा आहे की नाही, हे आकड्यावरूनही कळते. थर्ड एसी आणि स्लीपरमध्ये क्रमांकाला 8 ने भागावे. बाकी 1 किंवा 4 उरली तर खालचा, 2 किंवा 5 उरली तर मधला, 3 किंवा 6 उरली तर वरचा. 7 उरली तर बाजूचा खालचा, आणि बाकी उरलीच नाही तर बाजूचा वरचा. सेकंड एसीत मधला बर्थ नसतो. आईंचे गुडघे पाहता, आणि परवडत असेल तर, मी तोच वर्ग सुचवेन. थर्ड एसीत मधल्या बर्थवाल्याने तो रात्री 10 वाजता उघडला की खालच्या माणसाला सकाळी 6 पर्यंत ताठ बसता येत नाही.

वाटसरू ताई

माझे माहेर जबलपूरचे आहे आणि सासर ठाण्याचे, त्यामुळे हा मार्ग मला अंगणासारखा आहे. नाताळच्या सुटीच्या बेताविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. तो बेत शक्य तर टाळावा. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी संपेपर्यंत गंगेच्या मैदानात दाट धुके पडते. चालकाला सिग्नल दिसत नाही, गाड्या रांगत जातात आणि काही तर रद्दच होतात. आपल्याकडून जाणारी गाडी सतनापर्यंत वेळेवर असते आणि प्रयागराजच्या पुढे तिचे घड्याळ बिघडते. त्याहून मोठा त्रास परतीचा असतो. बहुतेक गाड्यांचे डबे तेच असतात. जी गाडी आठ तास उशिरा वाराणसीला पोहोचली, तीच धुऊनपुसून परत निघणार असते, त्यामुळे परतीची गाडी उशिरा सुटणार हे आपल्याला तिथे जाऊन कळते. म्हणून परतीच्या दिवशी आपल्या गाडीची चौकशी करण्याआधी तिची जोडीदार, म्हणजे येणारी गाडी कुठे आहे, ते पाहावे. दोन्ही गाड्यांचे क्रमांक बहुधा लागोपाठचे असतात, एक 22177 असली तर दुसरी 22178.

आपल्या स्थानकावर गाडी तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि आपण प्रवास करायचा नाही असे ठरवले, तर पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र गाडी तिथून प्रत्यक्ष निघण्यापूर्वी टीडीआर नावाचा अर्ज इंटरनेटवर भरावा लागतो. नंतर भांडून उपयोग होत नाही.

सामानाविषयी एवढेच की थर्ड एसीत माणशी 40 किलो आणि सेकंड एसीत 50 किलोपर्यंत विनाशुल्क नेता येते, पण गंगाजलाचे कॅन परतीला किती होतील हे आधी ठरवून घ्या. आमच्या सासूबाईंनी नऊ कॅन आणले होते आणि बाजूच्या बर्थवरच्या गृहस्थांनी त्यांवर पाय ठेवला म्हणून इटारसीपर्यंत अबोला होता. वातानुकूलित डब्यात चादरी, उशी आणि ब्लँकेट मिळते. तरी आईंसाठी स्वतःची शाल ठेवा, कारण पहाटे सतनाच्या आसपास एसी आणि बाहेरची थंडी यांची चढाओढ लागते. रात्री डब्यात काही अडचण आली तर 139 हा क्रमांक लावावा. मी दोनदा लावला आहे आणि दोन्ही वेळा पुढच्या मोठ्या स्थानकावर माणूस आला.

भुसावळकर

ताईंनी धुक्याचे सांगितले ते शंभर टक्के खरे आहे. एक भर घालतो. त्रिपुरी पौर्णिमेला जायचे असेल, तर त्या दिवशी पोहोचणारी गाडी न घेता दोन दिवस आधी पोहोचणारी घ्या. त्या रात्री सगळे घाट दिव्यांनी उजळतात आणि दुपारपासूनच घाटांकडचे रस्ते बंद होत जातात. सामान घेऊन स्थानकावरून मुक्कामी पोहोचणे वृद्ध माणसांना झेपणार नाही. दोन दिवस आधीच्या गाडीला वेटिंगही कमी असते, हा वरचा फायदा.

दिवाळी ते छठ या काळात 0 या अंकाने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या विशेष गाड्याही सुटतात. त्यांत जागा मिळते, पण नियमित गाड्यांना वाट देत देत त्या जातात, म्हणून आईबाबा एकटे असतील तर मी त्यांत बसवणार नाही. आपण बरोबर असाल तर हरकत नाही.

गोदाकाठ

ठरले. नाताळ रद्द केला. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पोहोचणारी गाडी निवडली आहे, आईबाबांचे दोघांचे तिकीट ज्येष्ठांच्या कोट्यातून आणि माझे वेगळे. साठाव्या दिवसाचा गजर लावून ठेवला आहे, आधारची पडताळणी काल रात्रीच पूर्ण केली. वडिलांनी वेळापत्रक समोर घेऊन नर्मदेचा पूल किती वाजता येतो ते पेन्सिलीने लिहून ठेवले आहे आणि त्या वेळी कोणी झोपायचे नाही, अशी ताकीद दिली आहे. आईने विचारले आहे की बर्थचा क्रमांक कळला की त्याला 8 ने भागायचे की 6 ने, हे मी आधीच का सांगत नाही. सेकंड एसी काढतो आहे, म्हणजे 6 ने.

खिडकी क्रमांक चार

6 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 3 आली तर खालचा. 5 आली तर बाजूचा खालचा. 2, 4 किंवा बाकी शून्य आली, तर तो वरचा बर्थ आपण घ्यावा.